साठ बगळे

वहाब मन्सुरीला शाल द्यायची हे आम्ही डिसेंबरातच ठरवलं होतं, आणि ती शाल आपल्याला मिळू नये म्हणून वहाब जानेवारीतल्या मोजणीला आला. आमचं ठरलेलं त्याला माहीत होतं, त्याचं ठरलेलं आम्हाला माहीत होतं, आणि तरी सगळे मिळून तलावावर गेलो.

आमच्याकडे माणसाला काढून टाकायचं असलं की त्याचा सत्कार करतात. शाल, नारळ, दोन भाषणं, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस. मी स्वतः टपाल खात्यातून असाच बाहेर आलो, त्यामुळे ही रीत मला आतून ठाऊक आहे. माझी शाल अजून पेटीत आहे. नारळाची चटणी झाली.

मी हेमकांत पाटील, मूळचा प्रकाशा गावचा. घरात गुजरी, बाजारात अहिराणी आणि टपालाच्या खिडकीमागे मराठी, अशा तीन भाषांवर पस्तीस वर्षं काढली आणि पुढे नंदुरबारलाच राहिलो. इथे आम्हा आठ-दहा जणांचं एक मंडळ आहे. हिवाळ्यात तलावांवर उतरणारे पक्षी मोजायचे, वहीत लिहायचे आणि ते आकडे पुढे पाठवायचे, एवढंच त्याचं काम. लोक आम्हाला पाखरूवाले म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. मला पक्ष्यांतलं फार कळतं असं नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे आली. सोळा वर्षांची ती वही कुणीही उघडून पाहावी. तिच्यात एक खाडाखोड सापडली तर मिशी उतरवीन, असं मी एकदा पैजेवर बोललो होतो.

वहाब पिंजारी. गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या, हा त्याच्या घराण्याचा धंदा. आता दुकानात रुई पिंजायचं यंत्र आहे. पण पूर्वी तो सायकलच्या मागे ती लांबलचक धनुकली बांधून खेडोपाडी फिरायचा. तिची तार वाजली की बाया जुन्या गाद्या अंगणात काढायच्या. सोळा वर्षांपूर्वी आमडापाड्याच्या तलावावर आम्ही पहिल्यांदा मोजणीला गेलो, तेव्हा तो असाच पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालला होता. धुळ्याहून आलेले एक जाणकार पाहुणे तीन पायांची दुर्बीण लावून चांदवे मोजत होते. चांदवा म्हणजे काळं, कपाळाला पांढरा ठिपका असलेलं पाणपाखरू. शेकड्यांनी एका जागी बसतं. वहाबनं सायकल उभी केली, पाणी प्यायला, तलावाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चारशे दहा."

पाहुण्यांचं पाऊण तासानं झालं. चारशे सतरा.

"सात जण डुबेल व्हतात," वहाब म्हणाला आणि सायकलवर बसायला लागला. आम्ही त्याला जाऊ दिलं नाही. कसं मोजलं विचारलं, तर म्हणे, "कापूसना ढीग देखीसन मी वजन सांगस. हाई बी ढीगच शे."

तेव्हापासून दर हिवाळ्यात मोजायचा वहाब आणि लिहायचो मी. त्याची पद्धत त्याचीच होती. सदऱ्याच्या उजव्या खिशात शंभर-सव्वाशे सरक्या, म्हणजे कपाशीचं बी. दहा पाखरं झाली की एक सरकी उजव्या खिशातून डाव्या खिशात. तोंडानं तो मला आकडा सांगायचा, मी लिहायचो. आणि दिवस संपला की डाव्या खिशातल्या सरक्या नि माझी बेरीज ताडून पाहायची. पाच-दहाचा फरक पडला तर तो मलाच परत बेरीज करायला लावायचा. एकदाही त्याची चूक निघाली नाही. माझी दोनदा निघाली, पण ती मी वहीत उतरवण्याआधी निघाली, म्हणून पैज टिकली.

त्याला या कामाचा केवढा अभिमान होता ते दुकानात गेल्यावर कळे. आयुष्यभर लोकांनी त्याला 'ए पिंजारी' अशीच हाक मारली. मोजणीच्या दिवशी मात्र धुळ्या-नाशिकचे लोक 'वहाबभाई, किती?' असं विचारत आणि त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहत. गेल्या वर्षी त्यानं तलावाच्या टोकाच्या बाभळींवर एकशे दहा बगळे मोजले. इतके बगळे त्या तलावावर कधीच बसले नव्हते. एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या, त्यात त्याचं नाव आलं. ते कात्रण त्यानं प्लास्टिकमध्ये घालून यंत्राच्या वर खिळ्याला लावलं. त्यावर रुईची धूळ बसायची आणि तो रोज सकाळी ती पुसायचा.

डोळ्यांचं म्हणाल तर, मला काही दिसलं नाही असं नाही. त्याची बायको शमा रोज सकाळी दहा-बारा दाभणांत दोरा ओवून ती उशीला टोचून ठेवायची. वहाब दिवसभर एकेक उपसून वापरायचा. मी ते पाहिलं आणि बाईचा टापटीप स्वभाव म्हणून मनात तिचं कौतुक केलं. नंतर एकदा त्यानं चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला, शमानं फरशी पुसली, आणि आम्ही कपाशीच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

ललितनं मात्र ते बोलून दाखवलं. ललितचं औषधांचं दुकान आहे, वय चाळिशीचं, आणि कॅमेऱ्याचं भिंग कोपराएवढं. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. तो म्हणाला, "चाचांना बाजारात मी समोर उभा राहिलो तरी ओळखलं नाही. आपले आकडे पुढे जातात. उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं?" मग सन्मानानं थांबवू या, असं ठरलं. मोजणीच्या दिवशीच तलावावर शाल द्यायची. हे वहाबला आधी जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी त्याचा जोडीदार.

मी गेलो तेव्हा तो रजईला टाके घालत होता.

"शाल कोनता रंगनी लिधी?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"कोनती शाल?" मी म्हणालो.

"भाऊ, शाल देणं म्हणजे माणूस काढणं. तुम्हले दिधी, तव्हय तुम्ही परत खिडकीवर बठनात का?"

आतून शमा आली आणि तिच्या घरच्या हिंदीत म्हणाली, "भाईसाब, आप ही समझाओ इनको. ठंडी में मत जाने दो." वहाबनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"ललितभाऊले सांगा," तो म्हणाला. "मी येस मोजाले. चुकनू त मी सोता मांगी लिसू शाल."

ललितला हे पटलं. त्यानं एक तोडगा काढला. तो आणि बाकीची मंडळी समोरच्या काठावरून मोजतील, वहाब नि मी पाळीवरून, आणि शेवटी दोन्ही आकडे ताडून पाहायचे. जुळले तर शाल पिशवीतच राहील. एवढा करार झाला.

जानेवारीचा तिसरा रविवार होता. तीन दिवस आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं मळभ. थंडी अशी की दुर्बीण हातात धरवेना. खांडबाऱ्याला चहा घेतला आणि सातच्या सुमारास तलावावर पोचलो. पाणी, आभाळ आणि पलीकडचा डोंगर यांचा एकच राखी रंग झाला होता. ललितनं दोन-चार फोटो काढून पाहिले आणि वैतागला. त्याच्या कॅमेऱ्यात सगळी बदकं सारखीच काळी येत होती. वहाब मात्र खुशीत होता. गळ्याभोवती मफलर, दोन्ही खिसे चाचपून पाहिलेले.

"बेस दिन शे," तो म्हणाला. "आज सगळास्ले सारखंच दिखी."

हे वाक्य मला तेव्हा गमतीचं वाटलं.

ललितची गाडी पलीकडे गेली आणि आम्ही दोघं पाळीवरून चालू लागलो. दोन वर्षांपूर्वी त्या पाळीवर डांबर पडलं, तेव्हापासून विसरवाडीच्या हमरस्त्याला लागायला गाड्या जवळचा रस्ता म्हणून इकडून जातात. एरवी ते चालणं मला आवडतं. त्या दिवशी मात्र माझं लक्ष पाखरांपेक्षा वहाबकडे होतं. तो जुळवू शकेल की नाही, याची मला त्याच्याइतकीच धाकधूक होती.

आणि त्यानं काय मोजलं! थांबायचा, मान थोडी तिरपी करायचा, ऐकायचा. "चक्रवाक. रडी ऱ्हायनात देखा." मग समोरच्या पाण्यावर नजर फिरवायची. "चाळीस." चार सरक्या डाव्या खिशात. पुढे चोच पाण्याला लावून गाळत चाललेल्या थापट्या बदकांचा चुबुकचुबुक आवाज. "दोनशे दहा." मग चांदव्यांचा काळा पट्टा. "चारशे तीस." मी दुर्बिणीतून चोरून ताळा करत होतो. जिथे जिथे मी मोजू शकलो तिथे तो बरोबर होता. माझ्या मनातली भीती हळूहळू गेली आणि तिच्या जागी ललितबद्दलचा राग आला. औषधांच्या बाटल्या मोजणाऱ्यानं वहाबला मोजणी शिकवायची!

पाण्याकाठी सात बगळे उभे होते. वहाबनं मला विचारलं, "सात ना?" मी म्हणालो, हो, सात. दहाच्या आतलं तो बोटांवर ठेवायचा.

पाळीच्या टोकाला जुन्या बाभळींची रांग आहे. तिथे गाडी आम्हाला घ्यायला येणार होती. शंभरेक पावलं उरली असताना वहाब थांबला आणि त्यानं हात आडवा करून मलाही थांबवलं.

"बगया," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बठेल शेतस अजून. मळभ ऱ्हायनं का बगया उशीरा उठस. साठ."

सहा सरक्या डाव्या खिशात गेल्या. मी दुर्बीण लावली.

बाभळींवर कापूस होता. त्या रस्त्यानं हिवाळाभर कापसाच्या गाड्या जातात, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, वर जाळी बांधलेल्या. बाभळीच्या काट्यांना घासतात आणि जाताना आपला वाटा ठेवून जातात. दवानं भिजून त्याचे गोळे झाले होते, कोणी मुठीएवढा, कोणी कोंबडीएवढा, आणि फांद्याफांद्यांवर ते गप्प लटकले होते. लहान पोरानंही सांगितलं असतं.

मी वहाबकडे पाहिलं. तो त्या झाडांकडे पाहून हसत होता. चाळीस वर्षं ज्यानं कापूस हातात धरला, नाकातोंडात घेतला, त्याच्यावर पोट भरलं, त्याला शंभर पावलांवर कापूस ओळखू येत नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसाच ओळखू येईना. मला हसू यायला हवं होतं, पण ते आलं नाही. दाभणं आठवली, कप आठवला. सकाळपासून तो पाखरं पाहत नव्हता, पाण्यावरचे काळे डाग पाहत होता, ढिगाचा अंदाज घ्यावा तसा अंदाज घेत होता आणि नाव कानानं ठेवत होता. बगळे बसल्यावर बोलत नाहीत. कापूसही बोलत नाही.

मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. त्याऐवजी मी वही उघडली आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, बाभळीवरचे बगळे, साठ. दया आली म्हणून लिहिलं. शिवाय ते न लिहिण्यासाठी काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं होईना.

तेवढ्यात मागून कापसाची पिकअप आली. आम्हाला पाहून ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला, आमच्याजवळून गेली आणि बाभळींखाली पुन्हा एकदा वाजवून वळणाआड झाली. दोन होले फडफडत उडाले. बाकी काही हललं नाही.

वहाबची मान तिरपी झाली होती. तो पंखांच्या आवाजाची वाट पाहत होता.

"उडनात नही," तो म्हणाला.

"गाडीसनी सवय व्हई गयी व्हई," मी म्हणालो.

"बगयाले?"

तो सरळ बाभळीकडे चालू लागला. मी मागून दोन हाका मारल्या, चहाचं नाव काढलं, काटे आहेत म्हणून सांगितलं. तो थांबला नाही. झाडाखाली जाऊन त्यानं हात वर केला, फांदी चाचपली, काटा लागला तेव्हा हात झटकला, पुन्हा वर केला आणि एक गोळा तोडून घेतला.

मग मात्र त्याला डोळ्यांची गरज पडली नाही. अंगठा आणि बोटात त्यानं कापूस धरला, हलकेच ताणून त्याचा धागा किती लांब येतो ते पाहिलं, ओल पिळली, आत दडलेली सरकी चिमटीत पकडली.

"औंदाना शे," तो म्हणाला. "दुसरी येचणीना. कीड लागीसन निम्मा कवडी व्हयेल शे."

मी वही मिटली.

"तुम्हले दिखनं व्हतं?"

"हा."

"कव्हय?"

"तव्हयच."

"बरं," वहाब म्हणाला. त्यानं डाव्या खिशात हात घातला, सहा सरक्या मोजून बाहेर काढल्या आणि उजव्या खिशात टाकल्या. कापसातून निघालेली सातवी सरकी त्यानं खाली टाकली.

"लिखी टाकं का?"

"लिखं."

"खोडा."

मी वही उघडली आणि नुसता उभा राहिलो. सोळा वर्षांत त्या वहीला काट लागली नव्हती.

"पेनना आवाज उना नही अजून," वहाब म्हणाला.

मी साठावर रेघ मारली. त्यानं ती ऐकली. मग म्हणाला, "आते मागला सालना काढा. एकशे दहा. त्या बी आठेच व्हतात."

खरं सांगायचं तर गेल्या वर्षी त्या बाभळींकडे मी पाहिलंच नव्हतं. वहाबनं आकडा सांगितला आणि मी लिहिला. मी म्हणालो, "मागला साल खरा बगया असतीन. कोन देखाले गयंतं?"

"कोनीच नही. तेच त सांगी ऱ्हायनू."

"वहाब, तो आकडा पुढे गया. पेपरमा छापी उना. तुन्हा दुकानमा टांगेल शे."

"दुकानमातला मी काढसू. पुढे तुम्ही चिठ्ठी लिखा. चिठ्ठीसनं खातं तुम्हनंच व्हतं ना?"

मी मागल्या वर्षीचं पान काढलं आणि एकशे दहावर रेघ मारली. या खेपेला त्याला पेनची आठवण करून द्यावी लागली नाही.

एवढ्यात ललितची गाडी आली. सगळे उतरले, थर्मास निघाला, आणि ललितनं आपला कागद काढला. मी वहीवर तळहात ठेवून आमचे आकडे वाचले. चक्रवाक आमचे चाळीस, त्यांचे अडतीस. थापट्या आमची दोनशे दहा, त्यांची दोनशे तीन. चांदवे आमचे चारशे तीस, त्यांचे चारशे चोवीस. बगळे इकडेही सात, तिकडेही सात. ललितनं वहाबच्या डाव्या खिशातल्या सरक्या स्वतः मोजल्या. अडुसष्ट. माझी बेरीज सहाशे सत्याऐंशी, सात बगळे बोटांवरचे. जुळलं.

ललितचा चेहरा मोकळा झाला. मला वाटतं, शाल द्यायची वेळ आली नाही याचा त्यालाच जास्त आनंद झाला. त्यानं वहाबचे दोन्ही हात धरले. "चाचा, मी चुकनू. पुढला साल बी तुम्हीच. आम्हनी काय बिशाद!" मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कोणी वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तरी कापूसच दिसला असता, आणि त्यात विशेष काही नव्हतं. जे काही घडलं होतं ते वहाबला आणि मला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी वही पिशवीत घातली आणि नाडी आवळली.

वहाब चहा प्यायला. कप काळजीपूर्वक, दुसऱ्या हातानं आधी जागा चाचपून, गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"ललितभाऊ, शाल काढा," तो म्हणाला.

सगळे हसले. ललित म्हणाला, "चाचा, आते कसानी शाल?"

"मी सांगं व्हतं, चुकनू त सोता मांगी लिसू. वर देखा. तो कापूस मी साठ बगया म्हणीसन मोजा. मागला साल एकशे दहा मोजात, ते बी हाऊच कापूस. भाऊले इचारा, त्यास्नी आते खोडं."

हळूहळू सगळ्यांच्या माना वर गेल्या. कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. ललितनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीची नाडी सोडून वही काढून दाखवली. माझ्या पैजेची कुणालाच आठवण झाली नाही.

"डॉक्टरले दखाडं का, चाचा?" ललितनं विचारलं. "मोतीबिंदू आते दहा मिनिटमा काढतस."

"मोतीबिंदू ऱ्हाता त काढी टाकता. साखर शे ना मन्हं आंगमा. तिनी मांगला पडदा खाई टाका. डॉक्टर म्हणस, जे गयं ते गयं, जे ऱ्हायनं ते सांभाया." हे तो दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं म्हणाला. "काढा आते शाल. थंडी वाजी ऱ्हायनी."

ललितनं पिशवीतून शाल काढली. भाषण त्यानं लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. वहाबसमोर घडी उलगडून त्यानं ती धरली, अगदी त्याच्या तोंडासमोर.

"कोनता रंगनी शे?" वहाबनं विचारलं.

या वेळेला तो थट्टा करत नव्हता.

"हिरवी, चाचा," ललित म्हणाला आणि त्यानं ती त्याच्या खांद्यावर टाकली. मग नारळ त्याच्या हातात दिला.

परतताना वहाब आणि मी मागच्या सीटवर बसलो. बाहेर अजून ऊन नव्हतं. शाल त्यानं कानांवरून घेतली होती. नारळ त्याच्या मांडीवर होता, आणि वळणावर घरंगळू नये म्हणून मी त्याला हात लावून बसलो होतो. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. मी तुझ्या भल्यासाठीच लिहिलं, असं काहीसं. पण मनात जुळवून पाहिलं तेव्हा ते मलाच खोटं वाटलं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नव्हतं.

खांडबाऱ्याच्या अलीकडे त्यानं दोन्ही खिसे रिकामे केले. सरक्या मुठीत गोळा केल्या, माझा हात शोधला आणि तळहातावर ठेवल्या.

"एक म्हणजे दहा," तो म्हणाला. "आते पुढे तुम्ही मोजा."

"माले कोठे येस मोजता?"

"सोळा साल मन्हा संगे हिंडनात, अन येत नही?"

"मी लिखी ऱ्हायंतू, वहाब. मोजणारा तू व्हतास."

तो माझ्याकडे वळला. रागावला नव्हता, राग मला ओळखू येतो. मग नारळावरचा माझा हात थोपटून म्हणाला, "मन्हा डोया आते गयात, भाऊ. तुम्हना सोळा सालपासून घरच ठेयेल शेतस."

पुढच्या सीटवर ललितनं आरशातून मागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर वळवली. मी सरक्या खिशात टाकल्या. उजव्या.